घाटातली चाचणी

ओझं इंजिन ओढत नाही, पहिला गिअर ओढतो, हा येसाजीचा सिद्धान्त होता. म्हणून बैलजोडी विकून जुनी डिझेल जीप घेण्याआधी त्यानं तिला ट्रेलर जोडला, त्यात वाडीतली वीस माणसं बसवली आणि गाडी अणशीच्या घाटाला लावली. पहिल्या गिअरात जीप जराही न कण्हता वर आली. माथ्यावर येसाजीनं शेजारी बसलेल्या जीपवाल्याला ती घेण्याचा शब्द दिला आणि मागं वळून पाहिलं. ट्रेलर रिकामा होता. वीस माणसं धापा टाकत चालत येत होती.

"उतरलासा कशाला, भिकाजीकाका?"

"चढण आली की बैलांसाठी उतरतोच की आपण. इंजिनाला काय जीव न्हाई व्हय?" काका घाम पुसत म्हणाले. "शेवटच्या वळणावर तर आम्ही ढकलली बी."