तळहाताचे कान

आमच्या ह्यांचे कान गेले, तेव्हा मीच त्यांचे दोन दांडगे स्पीकर न्हाव्याला विकले. बहिऱ्याला गाणी कशाला? आठवड्यानं पाहते, तर स्वारी डोळे मिटून घरघरत्या फ्रिजला तळहात लावून उभी! तेव्हा कळलं, रोज स्पीकरवर हात ठेवायचे ते गाणं ऐकायलाच. चपला अडकवून न्हाव्याकडे गेले. “आजी, विकलेला माल कुणी परत मागतं का?” “मी मागतेय ना! दुप्पट घे. गिऱ्हाईक अर्धं भादरलेलं राहू दे, आधी वायरी सोडव.” संध्याकाळी स्पीकर घरी आले. ह्यांनी जाळीवर तळहात टेकला, पाय ताल धरू लागला. जन्मात कुणापुढे न नमलेली मी पुटपुटले, “चुकलं माझं.” ऐकू कुठलं येणार? पण ह्यांनी हसून माझाही हात जाळीवर ठेवला. हात थरथरला तो गाण्यानंच, भलतं समजू नका.