पाय सरळ करा, आजी

"पाय सरळ, दोन्ही अंगठे जुळलेले, आणि अजिबात हलायचं नाही." शिकवणाऱ्या सरांचं हे वाक्य लातूरच्या एका दवाखान्यातल्या एक्स-रे खोलीत शैलजा अकरा वर्षं पोथीसारखं म्हणत आली होती. खुब्याचा फोटो नीट आला नाही तर ऑपरेशन लांबायचं. तरी म्हाताऱ्या बाया टेबलावर आडव्या झाल्या की गुडघे दुमडून घ्यायच्याच. मंगळवारी उपासाच्या पोटी शैलजाचा आवाजही चढायचा, मग घरी जाऊन ती देवीची क्षमा मागायची.

आज देवणीहून आलेल्या गयाबाईंचे दोन फोटो वाया गेले, तेव्हा तिने मऊपणाने विचारलं, "आजी, लई दुखतंय का?"

"दुखणं सोसंन की गं बाई," पायाकडच्या भिंतीवरच्या तसबिरीला हात जोडत गयाबाई म्हणाल्या, "पर माहूरच्या रेणुका मायकडं पाय करून कशी निजू?"

 

"मायला आत्ता तुमच्या उशाशी आणते, आजी," एवढंच हळू आवाजात बोलून शैलजा स्टूल आणायला गेली. पेशंटला धीर यावा म्हणून ती तसबीर तिनेच तिथे लावली होती, नोकरीच्या पहिल्या दिवशी.