बकरी वगळून

ललितनं कादंबरीतून बकरी काढून टाकली होती आणि घरी हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

रविवारी दुपारी तो नाशिकहून पिंपळगावला आला, जेवला आणि सुधारलेले कागद घेऊन ओसरीत बसला. मागच्या रविवारी त्यानं कादंबरीची सुरुवात इथंच वाचून दाखवली होती. ऐकणारी माणसं तीच. आई, कुसाबाई, भिंतीला टेकून शेंगा फोडत होती. वडील सावळीराम, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे नाना, प्लास्टरमधला पाय उशीवर टाकून पलंगावर पडले होते. द्राक्षबागेत बांधावरून घसरल्यापासून त्यांचं जग ओसरीपुरतं झालं होतं.

कादंबरी विनोदी होती. पुंजाच्या गावाला रस्ता नाही, म्हणून सरिताचा बाप त्याला मुलगी देत नाही. आधी रस्ता, मग हळद, असं त्यानं सांगून टाकलंय. याच गावात सरपंचपदाचं भांडण मिटत नाही, म्हणून लोकांनी तात्पुरती एक बकरी खुर्चीवर बसवली आहे. तिच्यापुढे ठरावाचा कागद धरायचा. खाल्ला तर मंजूर. हुंगून सोडला तर नामंजूर.

मागच्या रविवारी आई इतकी हसली होती की दाणे टरफलांत गेले आणि टरफलं दाण्यांत. नाना हसले नव्हते. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. बकरी धरून कोरम होतो का, आणि शिक्का कोण मारतं. नाना दोनदा ग्रामपंचायतीचे सदस्य होते. त्यांना हा प्रकार आवडला नाही, अशी ललितनं समजूत करून घेतली.

त्यात नाशिकच्या प्रकाशकानं सांगितलं, की बकरीची पानं मजेची आहेत, पण ती आली की गोष्ट जागच्या जागी उभी राहते. पुंजाच्या लग्नाचं काय झालं, हे वाचणारा विसरून जातो. सोमवारी दुरुस्त करून आणा, नाहीतर यंदा जमणार नाही. ललितचं हे पहिलं पुस्तक होतं. त्यानं बकरी काढली.

तो वाचू लागला. गोष्ट आता पळत होती. पुंजा विंचूरला गेला, सरिताच्या बापाचं ऐकून खाली मान घालून परत आला, तालुक्याला गेला, तिथून दुसऱ्या टेबलाकडे, तिथून तिसऱ्या. कुठं अडायला जागा नव्हती. आईचे हातही तसेच पळत होते. दाणे सुपात, टरफलं टोपलीत, एकही चूक नाही. जिथं हसू यावं अशा जागी ललित जरासा थांबून बघत होता. एकदा आई हसली, पण नव्या व्याह्यांसमोर हसतात तसं.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "चांगलंय की. आता शहाण्यासारखं झालंय."

ललितनं कागद सारखे केले. हमरस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर एकामागं एक हॉर्न देत होते. नानांचे डोळे मिटलेले होते. त्यांना झोप लागली असावी, असं वाटून तो उठू लागला.

"बकरी कुठं गेली?" नानांनी डोळे न उघडता विचारलं.

ललितनं प्रकाशकाचं म्हणणं सांगितलं. गोष्ट तिच्यामुळं थांबते, आणि ते खरंही आहे, हेही सांगितलं. मग त्याच्यानं राहवलं नाही. "तुम्ही तर एकदाही हसला नव्हता, नाना."

"हसायला वेळ कुठं होता? मी वाट बघत होतो."

"कशाची?"

"ती रस्त्याचा ठराव खाती का नाय, याची."

ललित पुन्हा खाली बसला. बकरीनं पाणीपट्टीचा ठराव खाल्ला होता, शाळेच्या पत्र्यांचा खाल्ला होता, एका पुढाऱ्याच्या सत्काराचा तर हारासकट खाल्ला होता. रस्त्याचा ठराव तिच्यापुढं कधी आलाच नव्हता. एका प्रकरणात पुंजा, दुसऱ्यात बकरी, असं त्यानं आलटून पालटून लिहिलं होतं. दोघं एकाच गावात राहत असून त्यांची गाठ पडली नव्हती.

नाना कोपरावर रेलून जरा उठले. आठवडाभर पडल्या पडल्या त्यांनी सगळं लावून ठेवलं होतं, हे उघड होतं. रस्त्याचा ठराव पुंजानं स्वतःच्या हातानं लिहायचा. सभेला सरिताच्या बापाला विंचूरहून बोलवायचं, म्हणजे नंतर त्याला शब्द फिरवता येणार नाही. सरिताही मागं बायकांत उभी पाहिजे. सगळ्या गावासमोर कागद बकरीच्या तोंडाशी धरायचा.

ललितनं खिशातून पेन काढलं.

"मग खाती का?" आईनं विचारलं. तिचे हात थांबले होते.

"नाय खात," नाना म्हणाले. "आदल्या दिवशी विरोधकांनी तिला भारा भारा हिरवा घास चारलाय. पोट टम्म झालंय. कागदाकडं ती बघत बी नाय. पुंजा हात जोडतोय, पुंजाचा बाप कागदाला गूळ लावतोय, आणि ही आपली बसल्या बसल्या रवंथ करती."

आईनं पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना. ती बसल्या जागी एका अंगाला कलली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत राहिली. ललितही हसला. त्याचं पेन कागदावर हलायला लागलं.

नाना दोघांकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावर आठी पडली होती.

"दात काय काढता," ते म्हणाले. "पोराचं लग्न अडलंय तिथं."