आंब्याखालचा वर्ग

शेवंताच्या पाटीवर भुसा पडला. तिनं तो फुंकून टाकला, अक्षर गिरवलं, तोवर पुन्हा पडला.

रस्त्याकडेच्या रोपांना पाणी घालणाऱ्या सत्यशीलानं ते पाहिलं. बादली तिथंच ठेवून ती आंब्याखाली आली. कारखान्याच्या नव्या वसाहतीत सेक्टर दोनच्या शाळेच्या भिंती अजून कमरेएवढ्याच झाल्या होत्या, म्हणून पहिलीचा वर्ग या आंब्याखाली भरत असे. सत्यशीलानं मान वर केली. पोरांच्या डोक्यावर आलेल्या जाड फांदीला बोट जाईल एवढी भोकं होती. त्यांतून चीक ओघळून काळा पडला होता.

“गुरुजी, पोराइले उठवा.”

“कावून?” टिकाराम गुरुजींनी पुस्तकातून डोकं काढलं.

“फांदीत अळी हाये. आतून खाऊन राहिली. कवाबी पडन.”

“हिरवीगार त हाये, बाई.”

“आमच्या वावरातला आंबाबी हिरवाच होता, गुरुजी. पडला तवा त्याले मोहर होता.”

गुरुजींनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी पोरांना उठवून उन्हात उभं केलं.

तेवढ्यात वसाहतीच्या झाडांची देखरेख करणारे मुकादम केवलराम सायकलवरून आले. काय चाललंय ते कळल्यावर ते सत्यशीलावर घसरले.

“तुले पानी द्याले ठेवलं का डाक्टरकी कराले? मागच्याच महिन्यात या झाडाले दवा मारली म्या.”

“दवा पानाले मारली, मुकादम. अळी लाकडात हाये.”

बांधकामावरचे दोन गडी हसले. मुकादमांचा चेहरा लाल झाला.

“काई निघालं नाई त उद्यापासून कामावर येऊ नको.”

“नाई येत. पन एकदा दोर टाकून ओढून पाहा.”

गड्यांनी बांधकामावरचा लांब दोर फांदीवर टाकून अडकवला आणि दूर जाऊन ओढला. पानं सळसळली. पुन्हा ओढला. कारखान्याची तांबडी धूळ तेवढी खाली आली.

“झालं?” मुकादम म्हणाले. “चला रे पोरहो, बसा आपापल्या जागी.”

पोरं धावली. दोघं-तिघं तर बसायच्या टाटपट्टीवर पोचलीसुद्धा.

“थांबा!” सत्यशीला ओरडली. गुरुजी धावले, दंडाला धरधरून त्यांनी पोरं बाहेर ओढली. सत्यशीलानं दोराचं टोक मनगटाला गुंडाळलं, टाचा मातीत रोवल्या आणि सगळ्या अंगाचा भार मागं टाकला.

मोडताना फांदीचा फारसा आवाजही झाला नाही. ती आख्खी टाटपट्टीवर आली तेव्हा मात्र जमीन हादरली.

धूळ बसल्यावर सगळे जवळ गेले. मोडल्या जागी लाकूड नव्हतंच. ओला भुसा होता आणि त्यात करंगळीएवढी पांढरी अळी वळवळत होती.

मुकादमांनी भुसा बोटानं उकरून पाहिला. मग त्यांनी विचारलं, “बाकीचं झाड?”

“खोडाले तीन भोकं हायेत. तार आना, घासलेट आना.”

ते स्वतः गेले आणि घेऊन आले. सत्यशीलानं एकेका भोकात तार घालून अळी ओढून काढली, घासलेटात भिजवलेली चिंधी आत कोंबली आणि वरून चिखल थापला. चिखलाचे गोळे मुकादम करून देत होते.

“झाड वाचन का?”

“पावसाळ्यात सांगीन. नवा भुसा नाई पडला, त वाचलं.”

अर्ध्या भिंतीच्या पलीकडे, उन्हात, टिकाराम गुरुजी पोरं मोजत होते. मोजून झाली की पहिल्यापासून पुन्हा मोजत होते.