वळणावरचा कठडा

घाटातल्या वळणावर त्याचं गॅरेज होतं आणि दरीत पडलेल्या गाड्यांवरच ते चालायचं. रस्त्यांचा निधी दरवर्षी कमानी-कारंज्यांवर उडायचा. यंदा तो वळणाला मिळाला आणि लोखंडी कठडा जोडायचं काम त्याच्याकडेच आलं. “अहो, स्वतःच्या हातानं धंद्याला कुलूप लावताय!” बायको कुरकुरली. त्यानं देवाचं नाव घेत एकेक जोड पक्का केला. महिनाभर गॅरेजात चिटपाखरू फिरकलं नाही. मग एका सकाळी वळणावर पत्रा करकरला. तो बाहेर धावला, तर चेपलेली मोटार हळूहळू त्याच्याकडेच येत होती. “काका, पत्रा ठोकून द्याल? कठड्यानं वाचवलं!” चालवणारी मुलगी दाराला धरून उतरली. आजवर नुसत्या गाड्याच क्रेनला लटकून यायच्या. आतलं माणूस पहिल्यांदाच आलं होतं. “बस गं,” बायको म्हणाली, “गाडी होईल सावकाश. आधी पाणी पी.”