पगारवाढीचे पेढे

पेढा तोंडात गेला आणि मगच हर्षदला चूक कळली.

तोपर्यंत चारकोपच्या त्या गाळ्यात जवळजवळ सगळ्यांचे पेढे खाऊन झाले होते. वाढदिवसाच्या टोप्या आणि पताका बनवायचा गाळा तो, त्यामुळे पेढ्यांनाही थोडी चमकी लागली होती. तिथे ती चहालाही लागते, कोणी मनावर घेत नाही. जानकीकाकूंनी पॅकिंगच्या टेबलाशी बसल्या बसल्या दोन संपवले आणि मग आठवल्यासारखं जाहीर केलं, "माका शुगर आसा."

हर्षदने तोंड भरलेलं असतानाच विचारलं होतं, कसले पेढे. त्यावर टोप्या कापायच्या मशीनवरची संघमित्रा हसत म्हणाली होती, की पगार तूच टाकायचा आणि वर तूच विचारायचं होय रे? तीन हजार वाढून आलेत. दिवाळीत तिने मॅडमकडे वाढ मागितली होती, मॅडम 'बघते' म्हणाल्या होत्या. बघितलं बाई एकदाचं.

मॅडमनी काहीही बघितलं नव्हतं. गाळ्याचा हिशोब हर्षद सांभाळायचा. लॅपटॉपवर संघमित्राच्या खालची ओळ विकीची, टेम्पोवाल्याची. त्याच्या पगारासोबत डिझेलचे तीन हजार जायचे, ते या वेळी हर्षदने एक ओळ वर टाकले होते. सकाळपासून विकी दारात उभा राहून 'टेम्पो काय ढकलत नेऊ का' म्हणून डोकं खात होता आणि हर्षद त्याला बँकेचा सर्व्हर डाऊन असल्याचं सांगत होता.

आता तो पेढा गिळवेना आणि थुंकवेनाही.

हळूच सांगायचं, तिला एकटीला, असं त्याने ठरवलं. पण मशीन चालू असताना त्या गाळ्यात हळूच असं काही सांगताच येत नाही. तो जवळ गेला, वाकला, बोलला. तिला ऐकू आलं नाही. मोठ्याने बोलला. तिने कानामागे हात धरला. मग तो बेंबीच्या देठापासून ओरडला आणि नेमकं तेव्हाच, त्याचं ऐकू यावं म्हणून, तिने मशीन बंद केलं.

"ताई, ते पैसे तुझे नाहीत, चुकून आलेत."

अख्ख्या गाळ्याने ऐकलं. विकीनेसुद्धा.

संघमित्राचा चेहरा हसराच राहिला, फक्त ते हसू आता कुठे ठेवायचं हे कळत नसल्यासारखा. घरी सांगून झालं होतं. सासूबाईंचं तर बिल्डिंगच्या प्रत्येक मजल्यावर सांगून झालं होतं.

हर्षद घाईघाईने म्हणाला की टेन्शन घेऊ नकोस, पुढच्या पगारातून कापतो, हवं तर दोन हप्त्यांत कापतो.

"नको," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात कापलेस तर पगार कमी झाल्यासारखा दिसेल. ते मला बघवणार नाही. आत्ताच घे."

तिने ओढणीला हात पुसले, मोबाईल काढला, गाळ्याच्या खात्यावर पैसे परत पाठवले आणि स्क्रीन हर्षदच्या नाकासमोर धरली. मग विकीला सांगितलं, जा बाबा, नको ढकलूस टेम्पो. विकीला इतकं कसंतरी झालं की त्याने हातातला पेढा परत खोक्यात ठेवायला घेतला. तिने त्याच्या हातावर सण्णकन चापट मारली. त्याने मुकाट्याने खाल्ला.

मशीन थांबलं की काहीतरी बिघडलंय, हे मृणालिनी मॅडमना केबिनमध्ये बसून कळतं. गाळा त्यांचाच. त्या बाहेर आल्या, खोकं दिसलं, आणि विचारता विचारताच त्यांनी एक पेढा उचलून अर्धा खाल्ला.

"कसले गं?"

हर्षद पंख्याकडे बघत होता, जसं काही पंखा पहिल्यांदाच बघतोय.

"माझ्या पगारवाढीचे," संघमित्रा म्हणाली.

"अरे वा," मॅडम म्हणाल्या आणि मग त्यांचं चावणं जरा हळू झालं. "कधी झाली?"

"झाली नाही. हर्षदकडून चुकून पैसे आले होते, ते आत्ता परत केले. पण पेढे मी चुकून नाही वाटले, मॅडम. छपाईवरची अक्षता काम सोडून गेली तेव्हापासून कापायचं मशीन पण मीच बघते आणि छपाईचं पण. तुम्ही 'बघते' म्हणाला होतात. मला वाटलं, बघितलंत."

आवाजात राग नव्हता. उलट, चहा घेणार का, असं विचारावं तितक्या सहज बोलली. म्हणूनच की काय, सगळे मॅडमच्या हातातल्या अर्ध्या पेढ्याकडे बघायला लागले. तो खाणंही अवघड आणि ठेवणंही. ठेवला तर काय होतं, ते विकीला विचारा.

मॅडमनी पेढा उलटसुलट करून पाहिला. बोटाला चमकी लागली, तेच बोट त्यांनी नाकाला लावलं. मग पेढा तोंडात टाकला आणि तिथेच उभं राहून सावकाश संपवला. केबिनच्या दारापर्यंत गेल्यावर त्या वळल्या. नाक चमचम करत होतं.

"हर्षद, पगाराचा लॅपटॉप घेऊन आत ये. आणि या वेळी ओळ नीट बघ."

मशीन सुरू झालं. जानकीकाकूंनी इकडेतिकडे बघितलं आणि तिसरा पेढा उचलला.