कोरडा पाट

भाईदास बसला, तेव्हा त्याला समोरचा सजवलेला चौरंग दिसला नाही. दिसला तो स्वतःच्या खालचा पाट. सागाचा, सकाळीच घासून उन्हात वाळवलेला, पिवळाधमक कोरडा. एक थेंब सांडला तरी त्यावर काळा डाग उठणार होता.

घर सुरतहून आलेल्या भाऊबंदांनी भरलं होतं. मांडीवर कानबाईचा, श्रावणात माहेरी येणाऱ्या खानदेशी देवीचा, नारळ. त्याला डोळे काढायचे, नथ घालायची, खण नेसवायचा, तोवर घरातल्या थोरल्या पुरुषानं तो मांडीवर धरायचा आणि मग स्वतः उठून, सात पावलं चालून, चौरंगावर नेऊन बसवायचा, ही या घराण्याची रीत. मध्ये काही बाटलं, तर सगळ्या घरांच्या रोटांचा नैवेद्य वाया.

"सोवळामां शिवेल कपडा चालस नही," भिकुअक्कानं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, सकाळीच बजावलं होतं. म्हणून अंगावर नुसतं धुतलेलं धोतर. रोजची ती जाड चड्डी त्यानं ट्रंकेमागं लपवली होती. अडीच महिन्यांपूर्वी धुळ्याला प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं, गाठ गेली, मागाहून लघवीची नळीही निघाली; पण तेव्हापासून उठताना, खोकताना अंग त्याला विचारत नव्हतं. हे एकट्या बेबाबाईला ठाऊक. बायकोशिवाय सांगणार तरी कुणाला?

सकाळपासून तो दोन घोट पाण्यावर होता. तरी ओटीपोटात काहीतरी भरत चाललेलं. पाणी की भीती, तेच कळेना.

शिरपूरच्या दवाखान्यातल्या दिपमाला मॅडमनं त्यावरचा व्यायाम नीट शिकवला होता. "नाना, मांड्या आवळू नका, श्वास कोंडू नका. लघवी मधेच थांबवतो ना, तेवढीच जागा आत ओढायची. दहा मोजायचे, मग सोडायचं. आणि उठायच्या आधी आवळायचं, उठल्यावर नाही."

पण भाईदासचे दहा आकडे उधळलेल्या खोंडासारखे पळायचे. "तुम्हना दहा म्हणजे म्हैसनं शेपूट हालाडं इतलाच," बेबाबाई म्हणाली, आणि तिनं आकडे सोडून आपल्या आईची जात्यावरची ओवी धरली. ती भाकरी थापता थापता गायची. तो खाटेवर डोळे मिटून पहिल्या ओळीला सोडायचा, दुसऱ्या ओळीला धरायचा. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारा झोपलाय.

भिकुअक्कानं नथ अडकवली. बायकांनी कानबाईचं गाणं उचललं, टाळ्यांचं, घाईचं. तेवढ्यात लोभानाचा धूर वळला आणि भाईदासच्या घशात खवखव उठली.

"ऊठ आते, भाईदास," भिकुअक्का म्हणाली.

त्यानं श्वास कोंडला. कोंडायचा नाही, हे आठवलं. एक, दोन, तीन, दहा. टाळ्यांमागं आकडे पळून गेले.

"नानाना पाय आखडी गया वाटस," सुरतचा हेमराज हसला. "धरा रे दोन जण."

दोघं उठलेच. बगलेत हात घालून त्यांनी हिसका दिला की संपलं. भाईदासच्या कानामागून घाम ओघळला.

"हात लावू नका. सोवळामां शे मी."

ते थबकले. खोकला आता गळ्याशी आला होता. त्यानं बायकांच्या घोळक्याकडे पाहिलं. बेबाबाई त्याच्याकडेच बघत होती. तिच्या टाळ्या थांबलेल्या.

मग त्या घाईच्या गाण्यावर एक संथ आवाज आडवा पडला.

"भाऊ निंघना सुरतले, वाट दूर दूर..."

गाणं विस्कटलं. टाळ्या विरल्या.

"बेबा," भिकुअक्का म्हणाली, "कानबाई माहेरले येई रायनी, अन् तू भाऊले सुरतले धाडी रायनी का?"

घर खदखदून हसलं. भाईदास हसला नाही. पहिली ओळ होती. त्यानं पोट सोडलं, मांड्या सोडल्या, श्वास सोडला. इतक्या माणसांसमोर असं सैल बसणं म्हणजे विहिरीच्या काठावर डोळे मिटून उभं राहणं.

"पापणीना काठवर, धरी ठेवसू मी पूर..."

त्यानं आत ओढलं. आणि मग उठला.

खोकला आलाच. एकदा, दोनदा. नारळाची नथ हिंदकळली. त्यानं खाली पाहिलं नाही. एक पाऊल. दोन. बेबाबाईनं शेवटचा शब्द सोडला नव्हता. 'पूर' लांबत होता, जात्यातून पडणाऱ्या पिठाच्या धारेसारखा बारीक होत होता. चार. पाच. तिच्या गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंड लाल झालं. बाजूची म्हातारी तिच्याकडे वळून बघू लागली. सहा. आवाजाचा नुसता धागा उरला, तुटला मात्र नाही.

सातव्या पावलाला नारळ चौरंगावरच्या गव्हाच्या राशीवर टेकला. तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला.

सगळे हात जोडून चौरंगाकडे सरकले. भाईदास तिथंच उभा होता, धोतराकडे बघायची छाती न होऊन. सून सारिका पाट उचलायला वाकली.

"ऱ्हाऊ दे, मी उचलस," बेबाबाई म्हणाली.

ती पाटाशी बसली. तिनं त्यावरून तळहात फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, हळूहळू. मग तोच कोरडा हात कपाळाला लावला.

"बेबा, तठे काय पाया पडस?" भिकुअक्का म्हणाली. "कानबाई आठे शे, चौरंगवर."

"मालूम शे माले," बेबाबाई म्हणाली, आणि तिनं पुन्हा पाटावर हात ठेवला.